दोन बाद बाकी होते

या सदरात मी एरवी मोबाईल, कोड आणि नोकरीच्या गोष्टी लिहितो. पाडव्याच्या अंकासाठी या वेळी बेसबॉल, असं सांगितल्यावर अंकाचं काम पाहणाऱ्या काकू फोनवर थोडा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘लिही, पण आपल्या पोरांना कळेल असं लिही. आणि क्रिकेटला नावं ठेवू नकोस.’’ दोन्ही अटी मान्य आहेत.

हे लिहायला मला भाग पाडलंय एका नऊ वर्षांच्या मुलानं. माझा दादा २०१५ साली टोरंटोला गेला. त्याच वर्षी टोरंटो ब्लू जेज या संघानं आपला गट जिंकला होता. ऑक्टोबरमध्ये होझे बाउतिस्तानं एका निर्णायक सामन्यात होम रन मारून बॅट अशी काही भिरकावली की ते दृश्य आजही तिथल्या टीव्हीवर दाखवतात. दादा सांगतो की तोवर ऑफिसात त्याच्याशी कुणी कामापलीकडे बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र लिफ्टमध्ये अनोळखी माणसंही त्याला ‘पाहिलंस का?’ म्हणून विचारत होती. त्यानं पाहिलं नव्हतं, पण ‘हो’ म्हणाला आणि घरी येऊन पाहिलं. पुतण्या पुढच्या वर्षी जन्मला आणि बापाचं ते वेड जन्मापासूनच त्याच्या वाट्याला आलं. माझ्यापर्यंत ते टोरंटोच्या क्लायंटमुळे पोचलं. रात्रपाळी संपवून हायटेक सिटीतून घरी पोचावं, तर तिकडे संध्याकाळचा सामना सुरू होत असतो.

आता गेल्या २ नोव्हेंबरची पहाट. आपल्याकडे रविवार, साडेपाच वाजलेले. वर्ल्ड सिरीजचा सातवा आणि शेवटचा सामना, टोरंटो विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. जिंकेल तो विजेता. नारायणगुड्याच्या आमच्या घरात मी, बाबा, आणि ‘कसला आवाज करताय रे’ म्हणून उठलेली आई. फोनवर व्हिडिओ कॉल चालू, पलीकडे दादा, वहिनी आणि पुतण्या. पुतण्याच्या अंगात ११ नंबरचा टीशर्ट, म्हणजे बो बिशेट. तो त्याचा सगळ्यांत लाडका.

तिसऱ्या इनिंगमध्ये याच बिशेटनं खुद्द शोहेई ओतानीला तीन रनांचा होम रन मारला. गुडघ्याच्या दुखापतीमुळे महिनाभराहून जास्त बाहेर बसलेला माणूस. पलीकडे पुतण्या सोफ्यावर उड्या मारत होता. नवव्या आणि शेवटच्या इनिंगपर्यंत टोरंटो ४-३ नं पुढे होतं. एक बाद झाला. आणखी दोन बाद केले की बत्तीस वर्षांनी करंडक घरी आला असता, कारण त्यांचे आधीचे दोन्ही करंडक १९९२ आणि १९९३ चे. तेवढ्यात मिगेल रोहास नावाच्या खेळाडूनं होम रन मारला. हा काही मोठ्या फटक्यांसाठी ओळखला जाणारा बॅटर नाही. ४-४.

खरी जखम मात्र त्यानंतरची आहे. टोरंटोची बॅटिंग आली. बिशेटनं हिट मारून पहिला बेस गाठला. गुडघा अजून बरा नव्हता, म्हणून त्याच्या जागी पळायला आयझाया कायनर-फलेफाला पाठवलं. क्रिकेटमध्ये पूर्वी रनर मिळायचा तसंच, फक्त इथे मूळ खेळाडूला परत येता येत नाही. बघता बघता तिन्ही बेस भरले, एकच बाद, आणि कायनर-फलेफा तिसऱ्या बेसवर. तो होम प्लेटला पोचला की संपलं. चेंडू जमिनीलगत रोहासकडे गेला. तोल सावरत त्यानं प्लेटकडे फेकला आणि कायनर-फलेफा इंचांच्या अंतरानं बाद झाला. कॅचरचा पाय क्षणभर प्लेटवरून उचललाही गेला होता, पण रिप्लेमध्ये तो वेळेत परत टेकलेला दिसला. रनर तिसऱ्या बेसपासून फार थोडा पुढे सरकून उभा होता. नॉन-स्ट्रायकरनं बॅकअप नीट घेतला नाही की आपल्या बाबांची पिढी जे बोलते, ते सगळं बाबा बोलले.

अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या विल स्मिथचा होम रन, ५-४, खेळ खल्लास. आपल्याकडे पावणेदहा वाजले होते आणि पोहे कढईतच थंड झाले होते. टोरंटोत मध्यरात्र उलटलेली. पुतण्या रडत नव्हता, हे जास्त वाईट होतं. तो फोनच्या अगदी जवळ आला आणि म्हणाला, ‘‘काका, पुढच्या वर्षी जिंकू ना आपण?’’

‘‘हो, नक्की,’’ मी म्हणालो. असं आपण मुलांना म्हणतोच.

(त्याच दिवशी रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. सकाळी स्मशानशांतता आणि मध्यरात्री गल्लीत फटाके, असा एकच दिवस मी आयुष्यात पाहिलाय. पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.)

आठवड्याभरानं पुतण्याचा मेसेज आला, ‘‘नक्की म्हणजे किती टक्के?’’ हा मुलगा आकड्यांचा वेडा आहे, माझ्यावरच गेलाय. मी म्हटलं, पाडव्याला हिशेब करून सांगतो. नवा सीझन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. तर हा तो हिशेब.

आधी मैदान समजून घेऊ. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये तीस संघ आहेत, पाच-पाचचे सहा गट. टोरंटो ज्या गटात आहे त्यात न्यूयॉर्क यांकीज, बोस्टन रेड सॉक्स, बाल्टिमोर ओरिओल्स आणि टॅम्पा बे रेज हे बाकीचे चार. अमेरिकन लीगचा पूर्व गट. पैसा, इतिहास आणि हुशारी या तिन्ही बाबतींत सगळ्यांत कडक गटांपैकी एक. प्रत्येक संघ सीझनमध्ये १६२ सामने खेळतो, त्यातले ५२ गटातल्याच चार शेजाऱ्यांशी, प्रत्येकाशी तेरा. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज सामना. उत्तम संघही साठ-पासष्ट वेळा हरतो. आयपीएलमध्ये सलग तीन सामने हरले की आपण कॅप्टन बदला म्हणून ओरडतो. तिथे लोक सलग तीन हरून जेवायला जातात.

गट जिंकण्याला मोल आहे. प्रत्येक लीगमधून तीन गटविजेते आणि तीन ‘वाइल्ड कार्ड’ असे सहा संघ पुढे जातात, पण पहिल्या दोन गटविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. पिचरांना विश्रांती मिळते. रोज दीडशे किलोमीटरच्या वेगानं हात फिरवणाऱ्या माणसांना ती किती लागते, हे नेटमध्ये दहा ओव्हर टाकलेल्या कुणालाही विचारा.

गेल्या वर्षी या गटात काय झालं? टोरंटोनं ९४ सामने जिंकले. यांकीजनीही ९४. पूर्वी अशा वेळी आणखी एक सामना खेळवत, २०२२ पासून ते बंद झालं. आता आपापसातल्या तेरा सामन्यांत कोण पुढे ते बघतात. टोरंटो ८-५ नं पुढे होतं. त्यातले चार सामने जुलैच्या सुरुवातीला चार दिवसांत, टोरंटोच्या घरच्या मैदानावर सलग जिंकलेले. मधला दिवस १ जुलै, कॅनडा डे. जॉर्ज स्प्रिंगरनं एकट्यानं सात रन आणले. दादा सहकुटुंब त्या दिवशी मैदानात होता आणि पुतण्यानं तिकीट जपून ठेवलंय. त्या चारपैकी एक जरी सामना उलटा गेला असता तर यांकीज ९५ आणि टोरंटो ९३. गट गेला असता, विश्रांती गेली असती, आणि २ नोव्हेंबरची पहाट कदाचित आलीच नसती.

शेवटचे काही दिवस तर जीवघेणे होते. सप्टेंबरच्या मध्याला टोरंटोकडे चांगली आघाडी होती, ती रोज थोडी थोडी गळत गेली. यांकीज हरायलाच तयार नव्हते. शेवटच्या रविवारी टोरंटोनं टॅम्पाला १३-४ हरवलं तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

इथपर्यंत पुतण्याला सगळं पाठ आहे. पुढचं मात्र त्याला आवडणार नाही, आणि मलाही ते कागदावर मांडताना आवडलं नाही.

बेसबॉलमध्ये बिल जेम्स या गृहस्थांनी काही दशकांपूर्वी एक साधं सूत्र मांडलं. संघानं केलेल्या रनांचा वर्ग घ्या, दिलेल्या रनांचा वर्ग घ्या, दोघांची बेरीज करा, आणि पहिल्याला बेरजेनं भागा. त्या संघानं साधारण किती टक्के सामने जिंकायला हवे होते ते येतं. नववीतल्या पोरालाही जमेल. त्यामागचा विचार असा, की एक रनानं जिंकण्या-हरण्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, पण वर्षभरात एकूण किती रन केले आणि किती दिले यात संघाचा खरा कस दिसतो. तुमचा प्रोग्रॅम एका टेस्टमध्ये पास झाला याला फारसा अर्थ नसतो, हजार टेस्टमध्ये कसा वागतो ते बघायचं.

टोरंटोनं ७९८ रन केले, ७२१ दिले. सूत्र म्हणतं, ८९ विजय. यांकीजनी ८४९ केले आणि ६८५ दिले, म्हणजे ९८ विजय. बोस्टननं ७८६ केले, ६७६ दिले, म्हणजे ९३ विजय. बोस्टन प्रत्यक्षात ८९ वर थांबलं आणि तिसरं आलं.

थोडक्यात, वर्ल्ड सिरीजच्या दोन बादपर्यंत पोचलेला आमचा संघ रनांच्या हिशेबात आपल्याच गटात तिसरा होता. मी आकडे दोनदा तपासले. मग सवयीप्रमाणे कोडमध्ये बग असेल म्हणून पुन्हा तपासले. बग नव्हता.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘मग जिंकले कसे?’’ प्रश्न योग्य आहे. १६२ वेळा नाणं उडवलं तर छापा बरोबर ८१ वेळा पडत नाही. ७५ पासून ८७ पर्यंत काहीही सहज पडतं, नाण्यात खोट नसताना. म्हणजे एकाच ताकदीच्या दोन संघांत निव्वळ योगायोगानं बारा सामन्यांचं अंतर दिसू शकतं. यांकीजना नाणं जरा उलटं पडलं, टोरंटोला सुलटं.

पण नाण्यावर सगळं ढकलणं हाही आळस आहे. टोरंटोनं गेल्या वर्षी एक गोष्ट खरोखर वेगळी केली. आजकाल बहुतेक संघ जोरात बॅट फिरवतात, होम रन नाहीतर स्ट्राइकआऊट. टोरंटोचे बॅटर मात्र संपूर्ण लीगमध्ये सगळ्यांत कमी वेळा स्ट्राइकआऊट झाले आणि त्यांची बॅटिंग सरासरी सगळ्यांत वरची होती. चेंडू बॅटला लावायचा, समोरच्याला पळायला लावायचं, पिचरला दमवायचं. बाबांना हे ऐकून एकदम आपलेपणा वाटला. ‘‘म्हणजे सिंगल-डबल घेणारे,’’ ते म्हणाले. हो, तसंच. आणि ही सवय योगायोगानं येत नाही, ती पुढच्या वर्षीही टिकू शकते.

आता संघात काय बदललं ते पाहू. सगळ्यांत मोठी गोष्ट, बिशेट गेला. जानेवारीत तो न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघात, मेट्समध्ये गेला, तीन वर्षांचे १२ कोटी ६० लाख डॉलर घेऊन. म्हणजे नवव्या इनिंगमधली ती हिट, जिच्यानंतर त्याच्या जागी पळायला दुसरा आला, तीच त्याची टोरंटोसाठीची शेवटची ठरली. पुतण्यानं ११ नंबरचा टीशर्ट कपाटात तळाशी टाकला. वहिनीनं थंडीत आतून घालायला काढला तर म्हणाला, नको. दादा त्याला ‘अरे, नोकरी आहे ती, मीही बदलली होती’ असं समजावत होता. पण दहा वर्षांच्या आतल्या माणसाला हे पटायचं काही कारण नाही.

बिशेटची सरासरी .३११ होती. सोप्या भाषेत, शंभर संधींत एकतीस हिट. असा माणूस गेला की भोक पडतंच. ते बुजवायला जपानमधल्या योमिउरी जायंट्सचा काझुमा ओकामोतो आलाय, चार वर्षं, सहा कोटी डॉलर. तिकडे तो तगडा बॅटर होता, पण जपानमधून आलेल्या बॅटरना अमेरिकेतला वेग अंगवळणी पडायला कधी एक महिना लागतो, कधी एक वर्ष. मी ओकामोतोकडून फार धरून चाललेलो नाही. चुकलो तर आनंदच.

पिचिंगची बाजू मात्र गेल्या वर्षीपेक्षा भक्कम वाटते. डिलन सीजला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर देऊन आणलं. हा माणूस २०२१ पासून दरवर्षी दोनशेच्या वर बॅटर स्ट्राइकआऊट करतोय. त्याचा दोष एवढाच, की काही दिवस तो उत्तम असतो आणि काही दिवस चेंडू कुठे जाईल ते त्यालाच माहीत नसतं. कोरियाच्या लीगमध्ये सर्वोत्तम ठरलेला कोडी पॉन्स आलाय. टायलर रॉजर्स हा बुलपेनचा पिचर आलाय. तो हात जवळजवळ जमिनीला टेकवून चेंडू टाकतो, आपल्याकडे गल्लीत अशा बॉलिंगला हसतील. आणि ट्रे येसावेज. गेल्या वर्षी हा बावीस वर्षांचा मुलगा अगदी खालच्या लीगमध्ये खेळत होता, सप्टेंबरमध्ये मोठ्या संघात आला, आणि वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात त्यानं डॉजर्सचे बारा बॅटर स्ट्राइकआऊट केले. आपल्यापैकी कुणी बावीसाव्या वर्षी काय करत होतं ते आठवू नका. मी कॅम्पस इंटरव्ह्यूत नापास होत होतो.

येसावेजची मला काळजीही वाटते. गेल्या वर्षी त्याला कुणी ओळखत नव्हतं. हिवाळाभर एकोणतीस संघांतले लोक त्याचे व्हिडिओ चौकटीचौकटीनं बघत बसलेले असणार. शिवाय मोठ्या लीगमध्ये पूर्ण सीझन पिचिंग करण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

आणि वय. स्प्रिंगर छत्तीस वर्षांचा आहे. २०२४ मध्ये त्याची सरासरी .२२० होती, लोक त्याला संपला म्हणत होते. २०२५ मध्ये .३०९ आणि ३२ होम रन. सिॲटलविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याच्याच तीन रनांच्या होम रननं टोरंटोला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. या दोन वर्षांपैकी खरा स्प्रिंगर कुठला? बहुधा मधला कुठेतरी. यात प्रेम आणू नये, पण येतं. व्लादिमिर गरेरो ज्युनियरची मात्र चिंता नाही. तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याचा चौदा वर्षांचा, ५० कोटी डॉलरचा करार याच वर्षापासून सुरू होतोय.

आता शेजारी. यांकीजचा ॲरन जज गेल्या वर्षी .३३१ आणि ५३ होम रन करून पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यांचा मुख्य पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खं वर्ष बाहेर होता, तो यंदा मधेच कधीतरी परतेल. कोलशिवाय ज्यांनी ९४ जिंकले त्यांना कोल मिळणार, हे वाक्य मी पुतण्याला अजून पाठवलेलं नाही. बोस्टनकडे गॅरेट क्रोशे आहे, गेल्या वर्षी २५५ स्ट्राइकआऊट, आणि आता जोडीला रेंजर सुआरेझ. त्यांचा ॲलेक्स ब्रेगमन शिकागोला गेला, बॅटिंग थोडी हलकी झाली. मला यांकीजपेक्षा बोस्टनचीच जास्त भीती वाटते. घरात हे मत फक्त माझं आहे.

बाल्टिमोर गेल्या वर्षी ७५ विजयांसह तळाला होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी तळाला कोण होतं? ७४ विजयांसह टोरंटो. या गटात तळाचा संघ म्हणजे विसरून जायचा संघ नव्हे. बाल्टिमोरनं २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले होते, ती पोरं बहुतेक अजून तिथेच आहेत, आणि आता त्यांनी पीट अलोन्सोसारखा होम रन मारणारा विकत आणलाय. टॅम्पाकडे पैसा कमी आणि डोकं जास्त. २०२४ च्या चक्रीवादळात त्यांच्या मैदानाचं छप्पर उडालं आणि गेलं वर्ष ते यांकीजच्या सरावाच्या मैदानावर भाडेकरूसारखे खेळले. यंदा घरी परतताहेत. आपल्या घरी झोप चांगली लागते, एवढा फरक तरी पडेलच.

एक नवा नियमही येतोय. बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून अंपायरच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतील. चेंडू स्ट्राइक होता की नाही ते कॅमेरे सांगतील. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. म्हणजे आपला डीआरएसच. टोरंटोचा कॅचर अलेहान्द्रो कर्क काठावरचा चेंडू इतक्या सफाईनं पकडतो की अंपायरला तो स्ट्राइक वाटतो. ती कला यंदा थोडी कमी कामाला येणार. पण टोरंटोच्या बॅटरांची नजर चांगली आहे, तिथे भरपाई होईल.

हे सगळं बाबांना एका संध्याकाळी समजावून सांगितलं, सुलतान बाजारातून आणलेली उस्मानिया बिस्किटं आणि चहा यांच्यासह. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘‘ते १९९३ पासून थांबलेत ना? आपण रणजी १९८७ साली जिंकली, त्यानंतर आजतागायत नाही. अझर आला, गेला. लक्ष्मण आला, गेला. मला कुणी टक्के सांगितले नाहीत.’’ आयपीएलचं २०१६ ते धरत नाहीत.

गेल्या रविवारी रात्री कॉल केला. तिकडे सकाळ, पुतण्या दूध पीत होता. मी म्हटलं, त्या दिवशी नक्की म्हणालो ते चुकीचं होतं. नक्की कुणाचंच नसतं. मग आकडे वाचून दाखवले. माझा अंदाज आहे, सूत्र नव्हे, पण विचार करून केलेला: गट जिंकण्याची शक्यता यांकीज ३२ टक्के, टोरंटो २७, बोस्टन २३, बाल्टिमोर १२, टॅम्पा ६. पहिल्या सहांत येण्याची टोरंटोची शक्यता मात्र निम्म्याहून बरीच जास्त. आणि करंडकाचं विचारशील तर दहातही एक नाही.

त्यानं कागदावर पाचही आकडे लिहिले. बेरीज केली. शंभर आली, तरी एकदा पुन्हा केली. मी श्वास धरून बसलो होतो.

‘‘म्हणजे चारातून एकदा.’’

‘‘त्याहून किंचित जास्त.’’

‘‘मागच्या वर्षी या वेळी किती होते?’’

मी म्हटलं, तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर दहाच्या वर दिले नसते. आदल्या वर्षी आपण शेवटचे आलो होतो.

तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, ‘‘काका, यांकीजचे पाच काढून आपल्याला दे ना.’’

‘‘दे की रे,’’ मागून बाबा म्हणाले. ‘‘तुझं काय जातंय?’’

मी दिले नाहीत. वहिनी म्हणाली की कॉल संपल्यावर त्यानं स्वतःच खोडून ३२ आणि २७ ची अदलाबदल केली आणि कागद फ्रिजवर लावला. टोरंटोत संध्याकाळचे सामने ७ वाजून ७ मिनिटांनी सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:३७. आईनं सांगितलंय की टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, आणि पोहे हवे असतील तर कांदे आदल्या रात्री चिरून ठेवायचे.